खोलीची शांतता

त्या दिवशी बाबा डबा घरी विसरले, म्हणून तो घेऊन मी भुताच्या घरात गेले.

भुताचं घर म्हणजे सिनेमासाठी भाड्याने घेतलेला एक रिकामा बंगला. दारात पायरीवर हडळ बसली होती. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळी, आणि कानाला फोन. "गृहपाठ झाल्याशिवाय खेळायला गेलास तर घरी आल्यावर बघ," असं ती पोराला बजावत होती. आत एक माणूस डिंकात बुडवलेला कापूस ताणून कोळिष्टकं लावत होता. धुराचं यंत्र प्रत्येक वेळी धूर सोडण्याआधी म्हाताऱ्यासारखं खाकरायचं. "खाकरणं नंतर काढून टाकू!" दिग्दर्शक ओरडला. आरशात दिव्याचा खांब दिसत होता, तोही नंतर काढायचा होता. 'नंतर काढून टाकू' याच भरवशावर तो सिनेमा उभा होता.

बाबा सिनेमात आवाज घ्यायचे, म्हणजे ध्वनिमुद्रण करायचे. चाळीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. गाजर मोडून हाडं मोडल्याचा आवाज, ओला टॉवेल पिळून गळा दाबल्याचा आवाज. लहानपणी ते मला हे आवाज दाराआडून ऐकवायचे आणि विचारायचे, "घाबरलीस?" मी म्हणायचे, "नाही." ते आईला कौतुकाने सांगायचे, "पोरगी वाघीण आहे." मग ती वाघीण डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची.

एखाद्या खोलीतलं काम संपत आलं की ते त्या खोलीची शांतता घ्यायचे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं ते म्हणत. सिनेमा जोडताना दोन संवादांच्या मधे तीच भरावी लागते. नाहीतर तिथे कानाला भोक पडल्यासारखं वाटतं.

"कुणी हलू नका," बाबा म्हणाले. "खोलीची शांतता घेतोय."

सगळे होते तिथे थिजले. कोळिष्टकंवाला हात वर करूनच राहिला. हडळीने फोन छातीशी धरला. मी बाबांच्या शेजारी डबा घेऊन उभी. एरवी अशा वेळी ते स्वतःचा श्वास रोखून धरायचे. लहानपणी आमची त्यावर पैज लागायची आणि मी कधीच जिंकले नाही. त्या दिवशी मात्र मला त्यांचा श्वास ऐकू आला. लांब, जड, शेवटी नाकात बारीकशी शिट्टी. ते पुन्हा रोखायचा प्रयत्न करत होते आणि पुन्हा तो सुटत होता. एवढ्यात माझा अंगठा घसरला आणि डब्याची कडी वाजली. टक.

बाबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. दुधाला तोंड लावणाऱ्या मांजरीकडे बघतात तसं.

"गेलं वाया," यंत्र बंद करून ते म्हणाले. "माझा श्वास आणि हिची कडी. उद्या परत घेऊ. बाकीच्या खोल्याही उद्याच."

आम्ही जिन्यावर बसून डबा खाल्ला. हडळीने आमच्यातली अर्धी पोळी खाल्ली. निघताना बाबा म्हणाले, "आईला सांग, आज लवकर येतो." आणि खरंच लवकर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आधी कळण्यासारखं काही नव्हतं, असंही म्हणाले.

*

सिनेमा काही महिन्यांनी लागला. पहिल्या आठवड्यात लोक हसले. हडळीच्या मनगटावर घड्याळ राहून गेलं होतं. आरशातला खांब कुणी काढला नव्हता. पण मधेच एखादा प्रसंग असा यायचा, की हसणारा माणूस गप्प होऊन मागे वळून बघायचा. पडद्यावर रिकामी खोली. कुणी नाही. आणि कुणीतरी श्वास घेतंय.

निर्मात्याला सगळे शेठ म्हणत. शेठनी ही गोष्ट बरोबर हेरली आणि नवी जाहिरात लावली: 'या घराने आमचा माणूस नेला. तो अजून श्वास घेतोय.' वर दुपारच्या खेळाला त्यांनी एक गृहस्थ आणून उभा केला. करड्या रंगाचा सदरा, हळू आवाज, कुणाशीही बोलताना डोळे अर्धे मिटलेले. "मी कुणी सिद्धपुरुष नाही," तो म्हणायचा. "मी मध्यस्थ. इकडचं तिकडे करतो, तिकडचं इकडे."

"आमच्या भावाला जिवंतपणी भांडायलासुद्धा मध्यस्थ लागला नाही," आत्या म्हणाली. "आता काय स्थळं बघायची आहेत त्याला?"

पण आत्याचं कोण ऐकतो? थिएटरबाहेर रांगा लागल्या. कुणाला गेलेल्या भावाला निरोप द्यायचा होता, कुणाला बायकोला काही विचारायचं होतं. कडेची एक खुर्ची बाबांसाठी रिकामी ठेवलेली असायची. सिनेमागृहातल्या खुर्च्यांची बैठक आपण उठलो की वर जाते, तशी तिचीही वर असायची. आणि श्वास सुरू झाला की ती आपोआप खाली यायची. जणू कुणी बसलं.

आई रोज जाऊ लागली.

मला वाटलं, जाऊ दे. माणूस गेल्यावर घरात बसून तरी काय करायचं? मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून घरी आल्यावर आईची चूक काढायची मला इच्छा नव्हती. मग एका रविवारी तिच्या उशाखालची चादर झटकताना हाताला काहीतरी लागलं. तिच्या हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आई, हे काय?"

"ठेव ते."

"तू गोळ्या घेत नाहीस?"

"गोळीने माणूस इकडे बांधला जातो," ती म्हणाली. पाठ केलेला धडा म्हणावा तसं. "मग तिकडचं ऐकू येत नाही. ते म्हणाले."

"कोण म्हणालं? डॉक्टर?"

"ते मध्यस्थ. डॉक्टरांना काय कळतंय? मला त्यांचा श्वास ऐकू येतो. माझ्या नवऱ्याचा. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास मी ओळखणार नाही?"

मी पाकिटं माझ्याजवळ ठेवून घेतली. तो श्वास मीही ओळखला असता. तिच्या पायांवर सूज होती. जिना चढून आल्यावर ती भिंतीला धरून उभी राहायची ते मला आता आठवलं.

"तुझं काय," ती म्हणाली. "तू दगडाची. तुला भीती वाटत नाही, म्हणून तुला काही कळत नाही."

*

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले.

मी भुताखेतांविषयी पुष्कळ वाचलं आहे. माणसं ती का पाहतात, केव्हा पाहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक आहे. पण अंधार झाला, पडद्यावर ती रिकामी खोली आली, आणि मागच्या भिंतीकडून बाबांचा श्वास आला. माझ्या मानेमागून आला. लांब, जड, शेवटी शिट्टी. सगळी पुस्तकं कुठल्या कुठे गेली. मागे वळायचं नाही एवढंच मला समजत होतं, कारण वळले असते आणि ते तिथे असते तर काय केलं असतं?

मग पडद्याच्या तळातून खोल घुमणारा आवाज उठला. आमच्या पायाखालची फरशी थरथरली. कडेची रिकामी खुर्ची थरथरत खाली आली. कुणीतरी किंचाळलं.

मध्यस्थ उभा राहिला. "मित्रा, आलास?"

टक.

"तुझी बायको इथे बसलीय. ओळखलंस?"

टक.

"तिला तुझ्याकडे यायचंय. वाट मोकळी आहे?"

टक.

मी आईकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात ती हसत होती. बाबा कामावरून लवकर येणार असले की हसायची तशी. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. पडद्यावरच्या घराची नाही. शेजारच्या खुर्चीची.

भीती वाटली की मी हातातलं काम करते. इथे मुद्रित नव्हतं, म्हणून मी ऐकू लागले. तपासायला दिल्यासारखं. लांब श्वास. मग एक तोकडा. मग शिट्टी. मग टक. पुन्हा लांब श्वास, तोकडा, शिट्टी, टक. छापताना एकच ओळ दोनदा पडावी तसं. एकदा खटकल्यावर ते मला सगळीकडे दिसू लागलं: माजघरात, जिन्यावर, तळघरात, सगळ्या खोल्यांमधे तीच ओळ. जिवंत माणूस असा सारखा श्वास घेत नाही. मेलेल्याने का घ्यावा?

पण ती टक कशाची, ते काही मला कळेना.

कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ओट्यापाशी. मी कामावर न्यायचा डबा भरला, झाकण लावलं आणि कडी दाबली. टक.

आतल्या खोलीत काहीतरी सांडलं. आई धावत स्वयंपाकघराच्या दारात आली. केस मोकळे, चेहरा उजळलेला, धाप लागलेली.

"आले का?" तिने विचारलं. "आले ना?"

मी डबा हातात धरून उभी राहिले. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण त्या चेहऱ्यासमोर सांगता येत नाही. "नाही, आई," एवढंच म्हणाले. ती दाराला धरून हळूहळू खाली बसली.

दुपारी मी सिनेमाच्या संकलकाला गाठलं. चित्र आणि आवाज जोडायचं काम त्याचं. तो आधी बिचकला, मग मोकळा झाला. "काय करणार, ताई? शांततेचा एकच तुकडा होता माझ्याकडे. बाकीच्या खोल्यांच्या शांतता दुसऱ्या दिवशी घेणार होते ते. आणि दुसऱ्या दिवशी... परत माणसं नेऊन आवाज घ्यायला शेठ तयार नव्हते. मग मी तोच तुकडा जोडून जोडून सगळीकडे घातला. श्वास ऐकून शेठ खूश. म्हणाले, काढू नका."

एवढ्या सिनेमात एकच गोष्ट चुकून राहिली नव्हती. ती मुद्दाम ठेवली.

*

पुढच्या खेळाला मी आईला, आत्याला आणि डब्याला घेऊन गेले. थिएटरात सिनेमा चालवणारा ऑपरेटर बाबांच्या ओळखीचा. त्याला मी आधीच भेटून एक विनंती केली होती.

रिकामी खोली आली. आणि आवाज बंद झाला.

पडद्यावर भिंती, कोळिष्टकं, जिना. श्वास नाही. घुमणं नाही. कडेच्या खुर्चीची बैठक वरच्या वर. लोक चुळबुळू लागले. मी उभी राहिले. पाय लटपटत होते.

"मित्रा, आलास?" मध्यस्थाने दोनदा विचारलं. मग मला पाहिलं आणि डोळे पूर्ण मिटले. "तो येणार नाही. इथे कुणीतरी शंका घेऊन आलंय. पोटची मुलगीच शंका घेते म्हटल्यावर त्याने यावं तरी कसं?"

"ताई, खाली बसा हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"स्वतःचा बाप गेला, आणि हिला तमाशा सुचतोय!"

आईने माझी ओढणी खेचली. "बस ना गं. का छळतेस त्यांना?"

हे मी गृहीत धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, आवाज बंद झाला की लोकांना उमजेल. पण श्रद्धेला मागचं दार असतं. देव आला तर चमत्कार, नाही आला तर आपलाच दोष. मी ऑपरेटरच्या खिडकीकडे पाहून हात हलवला.

आवाज परत आला. लांब श्वास. सगळं थिएटर एकदम आक्रसलं. मध्यस्थाने हात पसरले. "पाहिलंत? माफ केलं त्याने..."

तोकडा श्वास. मी घाई केली.

"बाबा, मी तुमची मुलगी नाही, खरं ना?"

शिट्टी. टक.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं.

"बाबा, तुम्ही जिवंत आहात आणि रात्री जेवायला घरी येताय?"

लांब, तोकडा, शिट्टी. टक.

"हा समोर उभा आहे तो माणूस लबाड आहे?"

टक.

"माझा भाऊ खोटं बोलायचा नाही हो!" आत्या मोठ्याने म्हणाली. कुठेतरी एक हसू फुटलं.

"ही आत्म्याची थट्टा आहे!" मध्यस्थाचा हळू आवाज कुठच्या कुठे गेला. "मी आजवर कधी कुणाला फसवलं असेल तर..."

टक.

आता सगळेच हसले. पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही, कारण मी पिशवीतून डबा काढला आणि कडी वाजवली. टक. पडद्याने उत्तर दिलं. टक. पुन्हा मी, पुन्हा पडदा. एकाच कडीचे दोन आवाज.

मग मी सांगितलं. तो दिवस, ती खोली, हात वर करून थिजलेला कोळिष्टकंवाला, विसरलेला डबा. "हा बाबांचाच श्वास आहे," मी म्हणाले. "आईने बरोबर ओळखला. पण तो ते जिवंत असतानाचा आहे. मी शेजारी उभी होते. ही टक माझी आहे. एकच तुकडा सबंध सिनेमाभर फिरतोय. यांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला, टक कधी येते ते पाठ केलं, आणि तिच्या आधी नेमका प्रश्न बसवला. उत्तर आधीच ठरलेलं असलं की मध्यस्थ व्हायला काय लागतं?"

"आणि खुर्ची?" एका म्हाताऱ्याने विचारलं. रागाने नाही. त्याला कुणाला तरी काही विचारायचं राहिलं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आत्या तोवर खुर्चीपाशी पोचली होती. तिने खाली हात घालून चाचपलं. "हिला स्प्रिंगच नाही! शेजारचीला आहे, हिची काढलीय." तिने बैठक नुसतीच तोलून उभी केली आणि फरशीवर जोरात पाय आपटला. बैठक थरथरली आणि खाली आली.

"सिनेमात ते घुमणं येतं ना," मी म्हणाले, "ते बाबांनी पाण्याच्या रिकाम्या टाकीवर हाताने थापा मारून घेतलं होतं. खोल आवाज म्हणजे हवेचा धक्का. फरशी हलते, तोल जातो. रोज त्याच ठिकाणी, कारण सिनेमा रोज तोच."

मध्यस्थ दाराकडे सरकत होता. "मला दुसरीकडे कार्यक्रम आहे," तो म्हणाला.

"जा, जा," आत्या म्हणाली. "वाट मोकळी आहे."

लोक त्याच्यामागे बाहेर गेले. काही जण त्याला गाठून जाब विचारायला, काही जण मान खाली घालून. तो म्हातारा बराच वेळ बसून राहिला. जाताना माझ्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "वाजवा बरं एकदा." मी वाजवली. त्याने मान हलवली आणि गेला.

त्याला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही. श्वास मानेमागून आला तेव्हा मीही वळले नव्हते. फसवणारा माणूस आपली भीती निर्माण करत नाही. ती आपल्याजवळ असतेच, घडी घालून ठेवलेली. तो फक्त तिला खुर्ची देतो, प्रश्न देतो आणि सांगतो, औषध सोड. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा: आवाज बंद करून बघा. त्याच्या आधी आपण प्रश्न विचारून बघा, आणि ज्याचं उत्तर 'नाही' आहे असा विचारा. खुर्चीखाली हात घालून बघा. आणि घरातला माणूस गोळ्या घेतोय ना, ते बघा. यासाठी फार शहाणपण लागत नाही. लागतो तो थोडा धीर, आणि तोही पाय लटपटत असताना करता येतो.

थिएटरात आम्ही तिघीच उरलो. दिवे लागले होते, पण ऑपरेटर सिनेमा थांबवायला विसरला होता. उजेडात फिकट झालेल्या पडद्यावर ती खोली अजून होती. लांब श्वास. तोकडा. शिट्टी.

"म्हणजे ते नाहीतच," आई म्हणाली.

"नाहीत."

"मग मी एवढे दिवस कुणाशी बोलत होते?"

मी तिच्या शेजारी बसले. आत्याने पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. गोळ्यांचं पाकीट माझ्याजवळ होतं. मी एक गोळी फोडून तळहातावर धरली. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझं बरं आहे," ती हळूच म्हणाली. "तुला कशाचीच भीती वाटत नाही. लहानपणापासून. हे सांगायचे सगळ्यांना, पोरगी वाघीण आहे."

पडद्यावर टक झाली. माझी.

"वाटते, आई," मी म्हणाले. "तेव्हाही वाटायची. बाबा दाराआडून आवाज काढायचे ना, तेव्हा मी पांघरुणात रडायचे. कधी बोलले नाही. आत्ताही वाटते. रात्री मी तुझ्या दाराशी येऊन उभी राहते आणि तुझा श्वास ऐकते. मला खूप भीती वाटते, आई. गोळी घे."